ढगाखालचं मीठ

"घरात रांगतं मूल, आणि ही टाकीत समुद्र कालवतेय," सासूबाई फोनवर त्यांच्या बहिणीला सांगत होत्या. आवाज हळू होता, पण मला ऐकू येईल इतपतच हळू.

मी खरंच समुद्र कालवत होते. मागच्या खोलीत, जिथे पूर्वी इस्त्रीचं टेबल आणि चाक तुटलेली सूटकेस असायची, तिथे आता लोखंडी स्टँडवर माशांची मोठी काचपेटी होती. तिच्यात मासे कधी नव्हतेच. तिच्यात मला ढग करायचा होता.

दादा आणि मी लहान असताना घरात एका जुन्या अंतराळपटाची कॅसेट होती. इतक्यांदा लावलेली, की पडद्यावर सगळ्या ग्रहांवर सारखा पाऊस पडत असायचा. शेवटाकडे एक शॉट होता. इंधन संपलेलं यान एका ग्रहाच्या ढगांत उतरतं. ढग खालून फुगत वर येतो, यानाच्या पोटाला हात लावून बघतो आणि मग सावकाश गिळतो. दादा तिथे कॅसेट थांबवायचा, मागे घ्यायचा, पुन्हा लावायचा. "बारके, हे इतकं खरं कसं गं दिसतं?" असं मला विचारायचा, जणू ते मीच केलंय. बारकी म्हणजे मी. लग्न झालं, मूल झालं, तरी त्याच्या लेखी बारकीच.

ते कसं केलं असणार, हे आम्हाला खूप नंतर कळलं. काचेच्या टाकीत खाली मिठाचं पाणी, वर साधं पाणी. दोन्ही एकमेकांत न मिसळता राहिली तर मधे एक न दिसणारी जमीन तयार होते. तिथे बारीक नळीतून पांढरा रंग सोडायचा. तो साध्या पाण्यापेक्षा जड आणि मिठाच्या पाण्यापेक्षा हलका. बिचाऱ्याला खाली जाता येत नाही, वर राहता येत नाही. मग तो तिथेच पसरतो, फुगतो आणि ढग होतो. मधली जमीन नसेल तर मात्र रंग सरळ तळाला जातो आणि कुणीतरी चूळ भरल्यासारखा दिसतो. माझ्याकडे आतापर्यंत तरी फक्त चुळा होत्या.

दादाने गेल्या काही वर्षांत आपल्यासारखे वेडे गोळा केले होते. प्रत्येकाने त्या सिनेमातला एकेक शॉट घरी, हाताने करायचा, कॉम्प्युटर वापरायचा नाही, एवढाच नियम. एका बँकेतल्या साहेबांनी बटाट्यांना राख चोळून उल्कांचा पट्टा केला होता. एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी साचे घ्यायच्या प्लास्टरमधून चंद्राची जमीन ओतली होती. एका छोट्या थिएटरवाल्याने सगळे तुकडे जोडून सकाळच्या वेळेत दाखवायचं कबूल केलं होतं. सगळ्यांचं काम आलं होतं. राहिला होता तो गिळण्याचा शॉट, आणि तो माझ्याकडे होता. घेतला तेव्हा मुलगी पोटातही नव्हती, अंगात बळ होतं आणि डोक्यात हवा.

त्या आठवड्यात दादाचा फोन आला.

"कसा आहे तुझा समुद्र?"

"खारट आहे."

"हे बघ बारके, रविवारी संध्याकाळी मी तिकडे येतोय. तोवर झालं तर उत्तमच. नाही झालं तर माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे, कॉम्प्युटरवर दोन दिवसांत ढग करून देतो. नियम मोडेल, पण तू ओली बाळंतीणच म्हणायची अजून. कुणी काही बोलणार नाही."

"ओली? दादा, ती उभी राहायला लागलीय."

"तेच ते. कुणी काही बोलणार नाही."

त्याने ते मायेने म्हटलं होतं. म्हणूनच मला झोंबलं. मूल झाल्यापासून मी काहीही अर्धवट टाकलं तरी कुणी काही बोलत नाही. अर्धा चहा, अर्धं वाक्य, अर्धे विंचरलेले केस. सगळे समजून घेतात. समजून घेणाऱ्यांच्या गराड्यात मी हळूहळू अशी बाई होत चालले होते जिच्याकडून कुणी कशाची अपेक्षाच ठेवत नाही. सोमवारपासून मला पुन्हा कामावर जायचं होतं. एकदा ते चाक सुरू झालं की टाकी गॅलरीत जाणार आणि त्यात कपडे वाळवायचे चिमटे पडणार, हे मला दिसत होतं.

"कुणाला देऊ नकोस," मी म्हटलं. "रविवारी ये. ढग बघायलाच ये."



माझं काम असं, की मी औषधांच्या डब्यातल्या घडीच्या चिठ्ठ्या तपासते. त्या बारीक अक्षरात 'क्वचित प्रसंगी' म्हणून जे जे होऊ शकतं ते सगळं लिहिलेलं असतं, आणि ते मी तीनतीनदा वाचते. त्यामुळे माझ्या डोक्यात जग हे क्वचित प्रसंगांनीच भरलेलं आहे. क्वचित प्रसंगी काच तडकते. क्वचित प्रसंगी स्टँड कलतो. क्वचित प्रसंगी मूल ओंजळभर पाण्यातही बुडतं. मी मागच्या खोलीच्या दाराला लाकडी फळीचं छोटं फाटक करून घेतलं होतं, वर कडी, खाली कडी. स्टँड भिंतीला स्क्रूने आवळला होता. आणि मुलीच्या मोज्याला एक घुंगरू शिवलं होतं, म्हणजे ती कुठे आहे ते घरभर कळावं.

तिला आम्ही इन्स्पेक्टर म्हणतो. ती रांगत प्रत्येक कोपऱ्यात जाते, वस्तूवर हात आपटून बघते, पटलं नाही तर तोंडात घालते आणि पुढच्या कोपऱ्याकडे निघते. वॉरंट लागत नाही.

"मांजराच्या गळ्यात बांधतात तसं," सासूबाई घुंगराकडे बघून म्हणाल्या.

"आई, मांजर निदान पाण्याला घाबरतं."

"आणि हिची आई हवेला."

आधीच्या चुका मी एकेक करून निस्तरल्या होत्या. पहिल्यांदा जेवणातलं बारीक मीठ वापरलं. त्यात गाठी होऊ नयेत म्हणून काहीबाही घातलेलं असतं, त्याने पाणी ताकासारखं झालं. मग जाडं मीठ आणलं आणि ते पाणी जुन्या साडीच्या चौपदरी कपड्यातून गाळलं. नळाचं पाणी लगेच वापरलं तर काचेला बुडबुडे चिकटतात, अंतराळात घामोळं आल्यासारखे. मग पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायला लागले. हे सगळं जमलं. अडत होतं ते एकाच ठिकाणी.

मिठाच्या पाण्यावर आधी प्लास्टिकचा पातळ कागद पसरायचा असतो. त्यावर नळीने साधं पाणी हळूहळू सोडायचं. टाकी भरली की तो कागद मधून काढून घ्यायचा. बस, एवढंच. कागदाचं एक टोक मी काचेच्या कडेने वर आणून ठेवत असे आणि दोन्ही हातांनी, श्वास रोखून, एका लयीत ओढत असे. दर वेळी शेवटी कागद उचलला जायचा. तो उचलला की खालचं पाणी त्याच्याबरोबर वर यायचं. दिव्याच्या उजेडात ते दिसतं, साखरेचा पाक गरम पाण्यात सोडल्यासारखे तेलकट वेढे. ते दिसले की संपलं. मग सगळी टाकी रिकामी करायची, पुसायची, पुन्हा मीठ, पुन्हा गाळणं, पुन्हा वाट पाहणं.

शुक्रवारी मात्र टाकी अशी भरली होती की मी स्वतःच तिच्याकडे बघत राहिले. कागद अजून आत होता, वरचं पाणी निवांत, काच स्वच्छ. नवरा ऑफिसातून लवकर आला होता. यान दोऱ्याने वरून खाली सोडायचं काम त्याच्याकडे होतं. टूथपेस्टची टोपणं, बॉलपेनचं पोट, मोडक्या रेडिओच्या जाळीचा तुकडा, वर चांदीचा रंग आणि वजनाला आत एक नट. मुलगी व्हायच्या आधी मी ते सावकाश, मन लावून केलं होतं.

"दिवा आणतो," तो म्हणाला आणि हॉलमधला उभा दिवा उचलून आत आला. मी काचेला नाक लावून शेवटचा बुडबुडा शोधत होते. मग केबल आणायला म्हणून दोघेही बाहेर आलो. ती सोफ्यामागे अडकली होती, त्याने सोफा उचलला, मी ओढली.

घुंगरू वाजत नव्हतं.

सोफ्याखाली मोजा पडलेला होता. घुंगरासकट.

मी कशी धावले ते मला आठवत नाही. फाटक सताड उघडं होतं. इन्स्पेक्टर टाकीच्या स्टँडला धरून उभी होती. एक तळवा खालच्या फळीवर, दुसऱ्या हातात यान, आणि यानाचा पुढचा भाग तोंडात. माझ्याकडे बघून ती हसली तेव्हा लाळेबरोबर चांदीचा रंग ओघळला.

मी यान काढून घेतलं, तोंडात बोट फिरवलं. यानाच्या नाकावर तिच्या खालच्या दोन दातांची खूण होती. आणि वरचा अँटेना नव्हता.

"अँटेना कुठे आहे?" मी ओरडले. "अँटेना! गिळला तिने!"

"अगं, थांब, बघू तरी—"

"दिवा आणताना फाटक कुणी उघडं टाकलं?"

"दोन्ही हातात दिवा होता गं!"

मुलीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या शांतपणे विचारत होत्या. श्वास नीट? नीट. रडतेय? नाही, हसतेय. काही गिळायला दिलं तर गिळतेय? केळं खातेय. "मग लंगोट बघत राहा. रंगाच्या डबीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा." मी वाचून दाखवलं. माझ्या आयुष्यात मी इतक्या कापऱ्या आवाजात कुठलंही बारीक अक्षर वाचलं नव्हतं. "तो लहान मुलांच्या खेळण्यांवरचाच आहे," त्या म्हणाल्या. "शांत व्हा. मुलगी आधीच शांत आहे."

मी शांत झाले नाही. मुलीला सासूबाईंच्या कडेवर दिलं, मागच्या खोलीत गेले आणि टाकीच्या तळाचा नळ पूर्ण उघडला. गुळगुळीत, स्वच्छ, दोन थरांचं पाणी नळीतून मोरीत घळाघळा जायला लागलं. मधला कागद हळूहळू खाली बसत गेला आणि शेवटी ओल्या रुमालासारखा तळाला चिकटला.

"आता हे काय?" नवरा दारात उभा होता.

"नको मला ढग."

त्याने दिवा उचलून परत हॉलमध्ये नेला. तोही समजून घेणाऱ्यांतलाच.

अँटेना संध्याकाळी सापडला. नवऱ्याच्या मोज्याच्या तळव्याला चिकटला होता. दुपारभर तो त्यावर चालत होता आणि म्हणत होता, मोज्यात काहीतरी टोचतंय.

शनिवारी सकाळी मी घरातल्या सगळ्या कड्या तपासल्या. मग औषधांचा खण. मग गॅसचं बटण. मग पुन्हा कड्या. मुलगी माझ्यामागे रांगत होती आणि मी हात लावला त्या प्रत्येक कडीला हात लावत होती. सासूबाई वर्तमानपत्राच्या आडून बघत होत्या.

"झाली का तपासणी?"

"गॅलरीचं दार राहिलंय."

"ते तू मघाशी दोनदा केलंस." त्यांनी पेपर खाली ठेवला. "मी खरं सांगू? काल टाकी रिकामी झाली तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, सुटलो. पण हे जास्त वाईट आहे. टाकी होती तेव्हा तू एकाच गोष्टीला घाबरायचीस. आता घरात घाबरायला जागा पुरत नाहीये."

मला हसू आलं आणि रागही आला. "मग काय करू? भरू पुन्हा?"

"मला काय विचारतेस? मला तो तुझा सिनेमा कळत नाही. पण भावाला 'बघायला ये' असं तूच सांगितलंस. मी ऐकलंय. मोठ्याने बोलतेस तू फोनवर."

"मोठ्याने कोण बोलतं ते राहू दे, आई."

दुपारी मुलीला घेऊन आडवी झाले. ती माझ्या डाव्या हातावर डोकं ठेवून झोपते. ती झोपली की खरं काम सुरू होतं, ते म्हणजे हात काढणं. हे काम मी रोज करते, काही दिवस दोनदा, आणि त्यात मी कधी चुकत नाही. त्या दुपारी हात काढता काढता मी मधेच थांबले. कारण मी स्वतःला बघत होते.

मी हात उचलत नव्हते. उचलला की ती जागी होते, हे पहिल्याच महिन्यात कळतं. मी कोपर गादीत खाली दाबत होते. गादी दबली की तिच्या मानेखाली जागा होते, आणि हात वर न जाता आडवा सरकतो. शिवाय एकदम नाही. तिने श्वास सोडला की बोटभर. तिने श्वास घेतला की थांबायचं. आणि माझा स्वतःचा श्वास रोखलेला नव्हता. तिच्याबरोबर चालू होता. रोखला की हात थरथरतो.

सासूबाई दारातून डोकावल्या. "अजून काढतेसच हात?"

मी ओठांवर बोट ठेवलं आणि तसाच हात पुन्हा मानेखाली सरकवला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, सुनेचं डोकं फिरलं अशा नजरेने. मी पुन्हा काढला. पुन्हा घातला. पुन्हा काढला. मुलगी घोरत होती.

मग उठले आणि पडद्याच्या जुन्या दांडीचा तुकडा शोधून काढला. गुळगुळीत, गोल. टाकीच्या एका टोकाला, काचेपासून बोटभर सोडून, बरोबर जिथे मिठाचं पाणी संपणार तिथे तो आडवा बसवला, दोन्ही बाजूंना रबराच्या चकत्या लावून. कागदाचं टोक आता सरळ वर येणार नव्हतं. ते आधी दांडीखालून जाणार होतं, मग वर. म्हणजे मी वरून कितीही ओढलं, तरी आत कागद आडवाच सरकणार. उचलला जाणारच नाही. इतके दिवस मी कागद झोपलेल्या मुलाच्या खालून हात उपटावा तसा उपटत होते.

नवऱ्याला हाक मारली. "मीठ किती उरलंय?"

तो बघायला गेला नाही. आधी माझ्याकडे बघितलं. "नक्की?"

"फाटकाला स्प्रिंग लाव. आपोआप बंद झालं पाहिजे. दोन्ही हातात दिवा असला तरी."

"लावतो." मग जाता जाता म्हणाला, "आणि मोजे झटकून घालतो."

संध्याकाळपर्यंत पाणी भरून झालं. मिठाचं खाली, वर कागद, कागदावर साधं, धारेखाली बशी धरून, म्हणजे धार कागदावर आपटू नये. सासूबाईंनी बशी धरली. हात दुखला तेव्हा हात बदलला, तक्रार केली नाही. टाकी मग रात्रभर निवळायला ठेवली आणि फाटक आपोआप बंद होतं की नाही ते मी एकदाच बघितलं. दुसऱ्यांदा जावंसं वाटलं. गेले नाही.

रविवारी दुपारी इन्स्पेक्टरने झोपायला साफ नकार दिला. पाळण्यात नाही, गादीवर नाही, आजीच्या मांडीवर तर अजिबात नाही. दादा संध्याकाळी येणार होता. दिवा तापत होता. दिवा जास्त वेळ राहिला तर वरचं पाणी कोमट होऊन हलायला लागतं.

"तू कर, मी हिला बाहेर फिरवून आणतो," नवरा म्हणाला.

"मग यान कोण सोडणार?"

"आई."

"मी?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या हातून सुईत दोरा जात नाही, यान कुठून जाईल? मी फार तर बटण दाबेन."

मी ओढणी घेतली आणि मुलीला पाठीशी बांधली. घट्ट, दोन वेढे, गाठ पुढे. सुरुवातीला तिने माझे केस ओढले, मानेत नाक खुपसलं, काहीतरी लांबलचक भाषण केलं. मग भाषणातली अंतरं वाढत गेली. तिचं डोकं माझ्या दोन खांद्यांच्या मधे जड झालं. तिचा श्वास मला कपड्यांतून लागत होता, उबदार, मग नाही, मग उबदार.

"कॅमेरा," मी हळू म्हटलं.

सासूबाईंनी बटण दाबलं. "लाल दिवा लागला. म्हणजे चालू ना?"

"चालू."

मी कागदाचं टोक धरलं. पाठीवर श्वास सुटला, बोटभर ओढलं. श्वास आला, थांबले. मी टाकीकडे बघत होते पण ऐकत होते मागचं. बोटभर. थांबा. बोटभर. दांडीखालून कागद वर येत होता आणि त्याच्यावरून थेंब परत पाण्यात पडू नये म्हणून मी तो काचेला चिकटवत होते. मधे एकदा नवऱ्याच्या घशात खाकरल्यासारखं झालं. सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की खाकरणं तिथेच विरघळलं. शेवटची कड दांडीपाशी आली. इथेच दर वेळी बिघडत होतं. मुलीने झोपेत एक लांब उसासा टाकला आणि मी त्या उसाशाइतकंच ओढलं. कागद बाहेर आला.

मी दिव्याच्या उजेडात बघितलं. वेढे नव्हते. काही म्हणजे काही दिसत नव्हतं. साधी पाण्याची टाकी.

"बिघडलं?" नवऱ्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "जमीन आहे."

सिरिंजला जोडलेली नळी हळूच खाली सोडली आणि रंग सोडायला सुरुवात केली. पहिला पांढरा धागा खाली गेला, आणि थांबला. हवेत थांबावा तसा. मग आडवा पसरला, कडा वळल्या, त्यावर दुसरा थर आला, तिसरा, आणि मधून एक घुमट वर यायला लागला, फुलकोबीसारखा, हळू, स्वतःच्या मर्जीने. सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"आता," मी नवऱ्याला म्हटलं. तो स्टुलावर उभा होता. यान वरच्या पाण्यातून खाली यायला लागलं. दातांच्या खुणांसकट, चिकटवलेल्या अँटेनासकट. ते किंचित डावीकडे कललं होतं. मला दिसलं. ओठ दाबून धरले. ढग त्याच्या पोटाखाली आला, थांबल्यासारखा झाला, दोन्ही बाजूंनी वर चढला.

तेवढ्यात माझ्या कानाशी "आऽऽ" असा आवाज झाला. इन्स्पेक्टर जागी झाली होती. माझ्या खांद्यावरून तिचा हात पुढे आला, टाकीच्या दिशेने. तिने टाच माझ्या बरगडीत मारली, जोरात. सिरिंजवरचा माझा अंगठा हलला नाही. रंग होता त्याच लयीत जात राहिला. यानाचं नाक गेलं, जाळी गेली, शेवटी अँटेना तेवढा वर राहिला, मग तोही गेला. दोरा एकटाच ढगात उतरत होता.

"पुरे, थांबव," मी म्हटलं, आणि सासूबाईंनी बटण दाबलं.

नवरा स्टुलावरून खाली उतरला. मुलगी पुन्हा "आऽऽ" म्हणाली, या वेळी तक्रारीच्या सुरात. यान कुठे गेलं, असं तिला विचारायचं असावं.

दादा दिवेलागणीला आला. बूट दारात काढले, भाचीला उचललं, आणि टाकीकडे न बघता म्हणाला, "बारके, आधी सांगून टाक. त्या मुलाला फोन करू का?"

मी लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला.

त्याने बघितलं. शेवटी यान गेल्यावरही काही वेळ पडद्यावरच्या ढगाकडे बघत राहिला. मग मागे घेतलं. पुन्हा लावलं. पुन्हा मागे घेतलं. त्याची मान त्याच कोनात होती, जशी कॅसेटसमोर असायची.

"नाकावर उल्का लागल्याची खूण आहे," तो म्हणाला. "कशी केलीस? फारच खरी वाटते."

"खरीच आहे. तू जिला मांडीवर घेतलंयस तिने केलीय."

तो हसला. मग परत गंभीर झाला, पडद्याजवळ गेला. "यान जरा डावीकडे कललंय गं. मूळ शॉटमध्ये सरळ जातं." माझ्याकडे वळला. "टाकी आहेच. थिएटरला अजून चार दिवस थांबवू शकतो मी. पुन्हा करायचा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तीनतीनदा वाचणारी बाई. नवऱ्याच्या चेहऱ्यावर मीठ गाळायची तयारी दिसत होती, बिचाऱ्याच्या. सासूबाईंनी डावा हात उजव्या हाताने चोळला.

यान कललेलं मला दादाच्या आधी दिसलं होतं. मला ते अजूनही दिसत होतं.

"नाही," मी म्हटलं. "झाला."

"नक्की?"

"इंधन संपलेलं यान आहे, दादा. कलणारच. घेऊन जा."

त्याने फाइल घेतली. मग सासूबाईंनी चहा ठेवला आणि बहिणीला फोन लावला. "अगं, मी बटण दाबलं," त्या सांगत होत्या. आवाज अजिबात हळू नव्हता.

मी मुलीला घेऊन मागच्या खोलीत गेले. फाटक मागे आपोआप बंद झालं. टाकीत ढग अजून होता, थोडा विरलेला, खाली मिठाचं पाणी तसंच नितळ. मी नळ उघडला. तिने काचेवर दोन्ही तळवे टेकवले आणि ढग हळूहळू खाली खाली जाताना बघत राहिली. मी तिला मागे ओढलं नाही. फक्त तिच्या फ्रॉकची मागची बाजू मुठीत धरून ठेवली.